लोवेलच्या मापाची गाडी

"सांगून ठेवते, ही आठवी गाडी. हिच्यातही खोट काढलीस ना, तर उरलेलं आयुष्य पायी चाल," वर्ना म्हणाली.

लोवेल शेजारच्या सीटवर घडी घालून ठेवल्यासारखा बसला होता. गाडी वर्नाच्या भावाची, दिवसापुरती मागून आणलेली. लोवेलची उंची साडेसहा फूट, त्यात लाकूडतोडीच्या कामात डावा गुडघा कायमचा ताठ झालेला. वर्ना पाच फुटांना दोन बोटं कमी. लग्नात तिची आई म्हणाली होती, "असल्या मापाचा माणूस आख्ख्या मिशिगनात दुसरा सापडायचा नाही. जपून ठेव गं बाई."

जुना पिकअप होता तेव्हा त्याची सीट पार मागे नेऊन वेल्डिंग करून टाकली होती. वर्नाला चालवायचा तर पाठीशी दोन उशा लागत. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं या फेब्रुवारीत त्याचा खालचा सांगाडा खाल्ला आणि पिकअप अंगणातच मोडून बसला.

मिलवॉकीला मुलीकडे जाऊ म्हटलं की लोवेलचं उत्तर ठरलेलं. "धड बसता येईल अशी गाडी आण, मग येतो." पिकअपला लांबचा पल्ला झेपत नव्हता. तळ्यापर्यंत तेवढा झेपायचा. दर शनिवार-रविवार लोवेल मासे धरायला जायचा आणि बहुधा रिकाम्या हातानं परत यायचा. पिकअप गेल्यापासून चार आठवडे तो घरातच येरझाऱ्या घालत होता, आणि दोघं एकमेकांशी जेवण नि हवापाण्यापुरतंच बोलत होती. धड गाडी मिळाली की नवराही मिळेल, असं वर्नानं मनाशी धरलं होतं. वेडी आशा, पण होती खरी.

आतापर्यंतच्या सातही गाड्यांना त्यानं नावं ठेवली होती. एकीत गुडघा अडकला, एकीत डोकं आपटलं, एकीला म्हणे कुत्र्याचा वास. म्हणून या खेपेला वर्नानं कुठे जायचंय ते सांगितलंच नव्हतं. किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी होती: एकच मालकीण, मोठी गाडी, किंमत माफक. खालची नंबराची पट्टी फाडून तिनं परस्पर फोन केला होता.

हमरस्ता सोडून ती तळ्याच्या बाजूला वळली.

"इकडे कुठे?" लोवेलनं विचारलं.

"बघशील."

तो सीटवर आणखी खाली सरकला. वर्नाला वाटलं, गुडघा ठणकत असेल.

निळ्या घरापुढे निळीच गाडी उभी होती, धुऊनपुसून लख्ख. पन्नाशीची एक बाई स्वेटरच्या बाह्या ओढत बाहेर आली. वर्नाएवढीच ठेंगणी. तिनं उसन्या गाडीकडे पाहिलं आणि पायरीवरच थबकली.

"मी ग्लेंडा," ती म्हणाली. "फोनवर वाटलं, एकट्याच येताय."

"नवऱ्याला ओढून आणलंय. ए, उतर की!"

"तूच बघ," लोवेल काच खाली न करताच म्हणाला.

"बघा! नवा नवरदेव लाजतोय," वर्ना म्हणाली.

तिनं पिशवीतून मोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि चाकांच्या वरचा पत्रा चाचपला. गंजलेलं भोक पुट्टीनं बुजवून रंग फासला असेल तर चुंबक तिथे धरत नाही. इथे सगळीकडे घट्ट धरलं.

"चोख आहे हो बाई तुमचा माल."

"मी लबाडी करत नाही," ग्लेंडा म्हणाली. "आणि किंमत कमी करायची असेल तर करते. तीनशे डॉलर कमी द्या. पण आत्ताच घेऊन जा."

घासाघीस करायच्या आधीच तीनशे सुटले! वर्नाला हसू आवरेना. ती आत बसली. पाय अलगद पेडलवर पोचले. उशी नाही, काही नाही.

"बाई गं, ही तर माझ्याच मापाची!"

"दाराशी बटणं आहेत ना, एक आणि दोन. एक दाबलं की सीट नि आरसे माझ्या मापाला येतात. गाडी लक्षात ठेवते."

"आणि दोन?"

"ते रिकामंच, त्यात कुणाचं माप भरलेलंच नाही. माझ्याशिवाय चालवणार कोण?"

"मग दोन लोवेलचं!" वर्ना टुणकन उतरली. "एक माझं, दोन त्याचं. अहो, एकतीस वर्षांत आम्हा दोघांना पुरेल असं काही मिळालंच नव्हतं बघा."

"वर्ना, घेऊन टाक," गाडीतून लोवेल ओरडला. "मला चालेल."

"न बसताच? मग मिलवॉकीच्या वाटेवर कुरकुरशील. उतर म्हणते ना!"

त्यानं खोट काढली नव्हती. वर्नाला इतकं बरं वाटलं की तिनं जाऊन दारच उघडलं आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर काढलं. लोवेल लंगडत आला. ग्लेंडानं त्याला नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सीट पुढे होती, ताठ पाय आत जाईना.

"थांब, मागे घेते." वर्ना दाराशी वाकली. "रिकामं तर रिकामं, दाबून बघू कसं चालतं ते."

"नको, ते..." ग्लेंडा पुढे झाली.

वर्नानं दोन दाबलं होतं. सीट घुरघुरत मागे निघाली, पार टोकाला गेली, खाली बसली. पाठ कलली. बाहेरचा आरसा आपसूक वर वळला.

"अगं बाई!" वर्ना हसली. "बस, बस लवकर."

लोवेल बसला. गुडघा सरळ आत गेला. डोक्यावर चार बोटं जागा राहिली. वर्ना हसऱ्या तोंडानं वाट बघत उभी राहिली. कुठल्याही गाडीत बसला की तो आधी शिव्या घालायचा, मग सीट पुढेमागे करायचा, मग आरसा फिरवायचा.

लोवेलनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्याला काहीच हलवावं लागलं नाही.