कडेची कळ

अकराला दहा मिनिटं उरली होती आणि लॅपटॉपवर वायफाय दिसतच नव्हतं. पुण्याच्या स्पीच थेरपिस्टची व्हिडिओ कॉलची ही वेळ कुमुदला महिनाभर थांबून मिळाली होती. पक्षाघातानंतर नवऱ्याची, यशवंतरावांची, वाचा गेली होती. त्यांना काही उमगतं की नाही, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं त्यांनीच, आजारपणाआधी. पुतणी फोनवरून सांगेल ती कमांड कुमुद आता एकेक अक्षर शोधत टाइप करत होती आणि स्क्रीनवर येईल ते तिला वाचून दाखवत होती.

"काकू, वायफायचं कार्ड ठीक आहे, पण ते कुठूनतरी बंद केलंय असं दाखवतंय. रीस्टार्ट करून बघा."

रीस्टार्ट करूनही तेच. तेवढ्यात शेजारी बसलेल्या यशवंतरावांनी डावा हात लॅपटॉपच्या कडेवर आपटला.

"अहो, थांबा ना जरा," कुमुद वैतागली. तिने लॅपटॉप लांब सरकवला. ते घशातून आवाज काढत पुढे झुकले आणि हात पुन्हा तिथेच आपटला. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी आपटला नाही. एक बोट कडेवरून पुढेमागे फिरवत राहिले.

कुमुदने वाकून पाहिलं. तिथे नखाएवढी कळ होती, काल पुसताना सरकलेली. तिने ती पुढे ढकलली, आणि वायफाय आलं.

"त्यांना तुमचं बोलणं कळतं का?" स्क्रीनवर आलेल्या थेरपिस्टने पहिलंच विचारलं.

कुमुदने तो डावा हात हातात घेतला.

"कळतं," ती म्हणाली. "मलाच त्यांचं कळत नव्हतं."