फ्रंट लॉकर

ज्याचं उभं आयुष्य लोकांना जीप शिकवण्यात गेलं, तो म्हातारा दर रविवारी ओढ्याच्या त्याच चिखलात रुततो, यावर शेजारीपाजारी पोट धरून हसायचे. म्हाताऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. रुतलं की मुलाला फोन जायचा. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाहून स्वतःची गाडी घेऊन यायचा, पट्टा बांधून जीप ओढायचा, आणि मग चिखलाचे हात पुसत बापलेक तासभर बॉनेटला टेकून बोलायचे. म्हातारी गेल्यापासून दोघांचं बोलणं काय ते तेवढंच. चार लोकांच्या हसण्यात तास मिळतोय म्हणजे सौदा स्वस्तातच होता.

वाढदिवसाला मुलाने जीपला फ्रंट लॉकर बसवून दिला.

"बाबा, आता पुढची दोन्ही चाकं बरोबरीने फिरणार. स्टेअरिंग सरळ ठेवायचं, बटण दाबायचं, की बाहेर. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"फार छान केलंस हो," म्हातारा म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने जीप नेहमीपेक्षा खोल घातली आणि फोन लावला. मुलाने पलीकडून बटण दाबायला सांगितलं. दाबलं, तर जीप शहाण्या लेकरासारखी मुकाट बाहेर आली.

"निघाली ना, बाबा?"

"छे रे, जागची हलत नाहीये," कोरड्या मातीवर उभा राहून म्हातारा म्हणाला.



"असं? मग तिथेच थांबा, गॅरेजवाल्याला पाठवतो."