तीन ठिकाणी छापलेलं

"चेरीतालच्या मराठी बालवाडीची स्थापना रामकृष्णजींनी केली." यामिनीनं स्क्रीनवरचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि तिचं डोकंच फिरलं. "आई, ऐकलं का? बघ काय म्हणून राहिलं हे!"

सरोजिनीबाई पलंगावर मटार सोलत होत्या. याच खोलीत, सतरंजीवर अकरा पोरं बसवून, त्यांनी ती बालवाडी सुरू केली होती. पुढं तीस वर्षं एकटीनं चालवली. रामकृष्णजी तेव्हा इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आले, फीत कापली, पेढा खाल्ला, गेले.

यामिनीचं काम घरबसल्या. कंप्युटर इंटरनेटवरची पानं वाचून जगाची माहिती शिकतो म्हणे. तो जे शिकला ते एकेक वाक्य हिनं तपासायचं. 'बरोबर' दाबायचं, नाही तर 'चूक'. तिनं रागारागानं 'चूक' दाबलं. लगेच खाली आलं, पुरावा म्हणून पानाची लिंक द्या.

"मी आहे ना पुरावा!" सरोजिनीबाई म्हणाल्या. "इथंच तर बसली आहे."

"तू इंटरनेटवर नाहीस, आई."

"अच्छा! म्हणजे मी नाहीच."

"आपल्याला काय माहीत आहे ते कोणी विचारतच नाही. तीन साइटींवर हेच छापलंय, म्हणून हे खरं. उद्या कोणीही विचारलं तर हा कंप्युटर हेच सांगणार. कोण्या मेल्यानं लिहिलं असेल, देव जाणे!"

"पुढचं वाच बरं."

"'रामकृष्णजींनी लावलेल्या या रोपट्याला...'"

"'...मंडळाच्या मायेचं पाणी मिळालं,'" बाईंनी वाक्य पुरं केलं.

यामिनी वळून त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं पाठ?"

"बालवाडीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मंडळानं स्मरणिका काढली होती. त्यातला लेख माझाच. तुझे बाबा म्हणाले, बाईमाणसानं आपलंच नाव काहून लिहावं? अध्यक्षांचं टाक, त्यांना बरं वाटेल. टाकलं. लेखाखालीही माझं नाव नाही दिलं. म्हटलं, स्मरणिका वाचतं कोण! सगळ्यांना माहीतच तर आहे."

माहीत असणारे एकेक करून गेले. कोणीतरी ती स्मरणिका इंटरनेटवर चढवली, बाकीच्यांनी तिथून उतरवून घेतली.

"काय केलंस गं हे," यामिनी म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि आईचा रागही.

सरोजिनीबाई हसल्या. ते हसणं काही बरं नव्हतं.

"तीस वर्षं पोरांना खरं शिकवलं. एकानं कुठं माझं नाव लिहिलं नाही. खोटं एकदाच लिहिलं, तर हे बघ कसं घडाघडा म्हणून राहिलं." त्यांनी पुढची शेंग उचलली. "चलो, दाब 'बरोबर'. इतका हुशार विद्यार्थी मला कधी मिळालाच नव्हता."