धुरा

मरायला टेकलेल्या शमुवेलनं सगळी पापं कबूल केली आणि पास्टरांनी “प्रभूनं तुला क्षमा केली” असं सांगितलं, तेव्हा एस्तेरबाईचं डोकं भणकलं. दोन वावरांमधला धुरा दरसाल तिच्या बाजूला सरकवत या शेजाऱ्यानं कपाशीच्या चार ओळींची जागा गिळली होती.

“जिंदगीभर उपास-प्रार्थना म्या केल्या, अन् हा एका माफीत मोकळा? वरतंही हाच शेजारी देता काय मले?”

“बाई, तिथं धुरेच नसतात.”

“मंग याले तिथं करमन कसं?” एस्तेरबाई फणकारली. घरून आणलेल्या पेजेचा चमचा फुंकून तिनं खाटेवरच्या शमुवेलच्या तोंडाशी धरला.

“आ कर, मेल्या!”