बैलाला म्हटलेलं सॉरी

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण आपल्या गावात पहिलं सॉरी मी म्हटलं. तेही बैलाला!"

दिगूनाना ओट्यावरून जवळजवळ ओरडलेच. समोर दोनच शेजारी बसले होते, पण नानांना आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचवायचा होता. सकाळी त्यांच्या हातून यमुनाबाईंची लोणच्याची बरणी फुटली होती, आणि तेव्हापासून बायको बोलत नव्हती, चहाही मिळत नव्हता.

"भर बाजारात बैलाच्या खुरावर माझा पाय पडला. तोंडातून निघून गेलं, सॉरी! बैल असा ओशाळला, की मागे सरकत थेट कुंभाराच्या माठांवर जाऊन बसला. बैलवाला कुंभाराला सॉरी म्हणाला, कुंभार तेलवाल्याला. मग काय! शिंकलं की सॉरी, राँग नंबर लागला की सॉरी, पंगतीत वरण संपलं की सॉरी. गावातली भांडणंच मिटली हो! कोर्टाला कुलूप लागलं, वकील भजी तळायला लागले."

"आणि बैल?" गुलाबरावांनी विचारलं.

"मरेपर्यंत मान खाली घालून चालला बिचारा. एकदा हा शब्द कानावर पडला, की समोरच्याचा राग उतरतोच!" हे मात्र नाना दाराकडे तोंड करून म्हणाले.

आत कपबशा वाजल्या. नानांचा चेहरा उजळला.

यमुनाबाई बाहेर आल्या. ट्रेमध्ये दोनच कप होते. ते त्यांनी शेजाऱ्यांपुढे धरले.

"साफ खोटं, भावोजी! ज्या माणसाला बायकोला सॉरी म्हणता येत नाही, तो बैलाला काय म्हणणार?"