खाऊन संपेल असं काहीतरी

गोजरानं काचेचा बाऊल उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

"मावशी, आपटला तरी फुटत नाय," दुकानदार म्हणाला.

"म्हनूनच नको."

मग त्यानं घड्याळ दाखवलं, फोटोफ्रेम दाखवली, पितळी गणपती दाखवला. गोजरा प्रत्येक वस्तू हातात घेई, वजन बघे आणि परत करी. नेरुळच्या मार्केटात दुकानदारानं चिकट गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती. गणपती तोलून बघणारी बाई मात्र पहिलीच.

"आये, गिफ्ट कार्ड दे आनि मोकळी हो," तिचा मुलगा धनेश कंटाळून म्हणाला.

"कागदच ना तो?"

"कागदच."

गोजरानं त्यावर खरोखर विचार केला.

आज उन्नतीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. सारसोळ्याची लेक आता उलव्याला अकराव्या मजल्यावर नांदत होती. सकाळीच जावयाचा, हरेशचा फोन आला होता. "आई, भांडं नको, शोपीस नको. खाऊन संपंल असं कायतरी आना. घरात अडगळ नको." आवाज गोड होता. हरेशचा आवाज कधी चढत नसे. 

अडगळ म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दिवाळीला तिनं हौसेनं समई दिली. त्या समईनं कपाळाला आठ टाके पडले. संक्रांतीला खलबत्ता दिला, तर बत्त्यानं खांद्याचं हाड मोडलं. कुकरच्या झाकणानं पुढचा दात गेला. दवाखान्यात दर वेळी एकच सांगायचं, बाथरूममध्ये पाय घसरला.

तिचा नवरा गोटीराम म्हणायचा, संसार आहे, हळूहळू निवळेल. डोंबलाचं निवळतंय! लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, हे गोजराला कळत होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती गप्प बसली, आणि आता तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती. एक दिवस त्या घरातून कुणाचं तरी मढं बाहेर निघेल, ही एकच भीती.

शेवटी तिनं दुकानातून काहीच घेतलं नाही. घरचा जवळा होता, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. कोळंबीचं लोणचं केलं होतं, ते बरणीत न भरता प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं. जाताना कोपऱ्यावरून ओटीचं सामान घेतलं. खण, विड्याची पानं, नारळ. लेकीच्या घरून तिची ओटी न भरता कोण आई निघते? ते काही कुणी भेटीत धरत नाही.

धनेशचा डावा कान शाळेत असल्यापासून बहिरा. गाडीत त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे. उलव्याला बिल्डिंगखाली गाडी थांबल्यावर गोजरानं ओरडून विचारलं, "वर येतस?"

"नको. मी खालीच हाय."

तीन वर्षांत तो बहिणीच्या घराची पायरी चढला नव्हता. गोजरानं आग्रह केला नाही.

दार हरेशनं उघडलं. कपाळावर केस ओढून घेतलेले, ओठ मिटून हसणं. "या आई. बगा, घर कसं मोकळं केलंय."

मोकळं म्हणजे अगदीच मोकळं. काचेचं टीपॉय गेलं होतं. भिंतीवर घड्याळाचा नुसता खिळा उरला होता. उन्नतीनं प्लास्टिकच्या कपातून चहा आणला. भर उकाड्यात लांब बाह्यांचा ड्रेस, उजव्या मनगटाला क्रेप बँडेज.

"हाताला काय झालं गं?"

"काय नाय. मुरगळला."

गोजरानं जवळ्याची नि लोणच्याची पिशवी तिच्यापुढं केली.

तिघंही चहा प्यायला बसले. कुणाचा धक्का लागला कोण जाणे, एक कप कलंडला आणि चहा फरशीवर पसरला. कुणीच हललं नाही. मग हरेश ताडकन उठला. गोजरानं डोळे गच्च मिटून घेतले.

तो फडकं घेऊन आला आणि गुपचूप फरशी पुसू लागला.

"आई, आज ऱ्हावा ना," पुसता पुसता तो म्हणाला.

"नको. धनेश खाली थांबलाय."

तिला कुणाच्याच नजरेला नजर देता येईना. तिला स्वतःची लाज वाटत होती. आपण आलो, चहा प्यायलो, आता हे दार ओढून घेणार आणि आत काय व्हायचं ते होणार.

निघताना तिनं उन्नतीला पाटावर बसवायचं म्हटलं, तर घरात पाटही नव्हता. ती उभ्या उभ्याच ओढणी पसरून राहिली. गोजरानं कुंकू लावलं, ओंजळभर तांदूळ घातले, खण, पानं, नारळ ठेवला. लेक पाया पडली.

"शब्दानं शब्द वाढतो, बाय," गोजरा हळूच म्हणाली. "एकानं गप बसावं."

"व्हय आये."

दार बंद झालं. लिफ्ट तळमजल्यावर होती. गोजरा आकडे बघत उभी राहिली. चार. पाच. आत काहीतरी बोलणं चाललं होतं, मग ते चढलं. सात. "नको ना, नको," असं कुणीतरी म्हणालं.

धप्प असा आवाज आला. मग आणखी एक.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा गोजरा फ्लॅटच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होती. लॅच नीट लागलं नव्हतं. दार धाडकन उघडलं आणि नारळ तिच्या पायाशी गडगडत आला. फुटला नव्हता. शेंडीला रक्त होतं.

हरेश भिंतीला टेकून खाली बसला होता. दोन्ही हातांनी डोकं धरलेलं, रक्त बोटांमधून मनगटावर उतरत होतं. उन्नती शांतपणे चालत आली आणि नारळ उचलायला वाकली.

"आई," हरेश त्याच गोड आवाजात म्हणाला, "अख्खं घर रिकामं केलं मी. तुमी नारळ कशाला दिलात तिच्या हातात?"