गोणपाटाखालची नवरी

“नवरी पळाली!” घड्याळजी धापा टाकत खोलीत आले. गुडघ्यांना माती, कपाळावर भिंग.

“कुठली? ती लाल मखमलीची?” पलंगावरून बाईसाहेबांनी विचारलं.

“तीच. पैलवान गोळी होऊन पडलाय. दुःखाने.”

“पुरुषांचं हेच. जरा काही झालं की गोळी व्हायचं.”

नवरी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा मखमली किडा आणि पैलवान म्हणजे बोट लावताच अंग मुडपून घेणारा करडा. शिवाय एक गोम, आणि मोहरीहून बारीक अशी उड्या मारणारी पोरंटोरं. सगळ्यांचं बिऱ्हाड परसातल्या ओल्या गोणपाटाखाली.

घड्याळजींचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. दिवसभर डोळ्याला भिंग लावायचं, रात्री घरी येऊन ‘हं’ म्हणायचं आणि जेवायचं. लग्नापासून ते बायकोशी जेवढं बोलले, तेवढं एका काडेपेटीत मावलं असतं. बायको अशी, की गल्ली तिला बाईसाहेब म्हणून वचकून असे. पण या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द काढणं तिलाही जमलं नव्हतं.

मग बाईसाहेब न्हाणीघरात घसरल्या. हाड जुळलं, पण त्या पलंग सोडेनात.

व्यायाम शिकवणारी मुलगी चक्रावून जाई. “आजी, पायांत जोर आहे की चांगला! आता नाही उठलात तर पाय कायमचे आखडतील हं.”

“पायांत असेल गं. मनात नाही.”

घड्याळजींनी धसका घेतला. दुकान मुलाच्या हवाली केलं, भिंग घरी आणलं. रोज सकाळी गोणपाट उचलून उकिडवं बसायचं, आणि मग पलंगाशी येऊन तिखटमीठ लावून सगळं सांगायचं. हेतू एवढाच, की एक दिवस ती म्हणेल, चला, मीच बघते.

“अगं, ये तरी बघायला!”

“तुम्हीच सांगा. तुमच्यासारखं मला कुठलं दिसायला!”

बाकी तब्येत झकास होती. पपई हवी, अंडं हवं. अंडं सोलणार मात्र स्वतः. हात तरी चालू राहू देत म्हणे. खिडकीतल्या कुंडीत बोटं खुपसायचा नादही लागला होता. “आई, नखांत माती, पांघरुणाला माती!” म्हणून सून करवादायची.

गोणपाटाखाली दरवेळी काहीतरी नवीन निघे. एकदा तर पांढरा घुमट! नवरी त्यात राहायला गेली होती.

“घुमट? काहीतरीच!”

“डोळ्यांची शपथ! अंड्याचं कवच गं. सूनबाई कचरा तिथेच टाकते वाटतं.”

“तिला काही बोलू नका हं. पोर कामाने दमते.”

पण आज नवरीच गेली. घड्याळजी पलंगाच्या कडेवर मटकन बसले.

“संपलं. आता काय सांगू तुला? उद्यापासून दुकानात जाऊन बसतो.”

बाईसाहेबांचा चेहरा उतरला. “एवढं काय लगेच? रुसून गेली असेल. उद्या एकदा बघा तरी.”

“आली तर तू येशील बघायला?”

“आधी येऊ दे.”

जेवण झालं. घड्याळजी बाजूच्या खोलीत आडवे झाले, आणि घोरणं ठेक्यात सुरू झालं. सूनही दार लोटून पडली.

बाईसाहेबांनी पांघरूण बाजूला केलं. उशीखालून काडेपेटी काढली, खुंटीवरचं भिंग घेतलं आणि तुरुतुरु चालत परसात गेल्या. गोणपाट उचलून ऐसपैस उकिडव्या बसल्या. काडेपेटी उघडली.

नवरी बाहेर आली. तिच्यामागोमाग दुसरी.

“जा,” बाईसाहेब म्हणाल्या, “सवतीला घर दाखव.”